बावीस रात्रींची कबड्डी

काळ्या मातीत कबड्डीचं मैदान करणं सोपं नसतं. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाऊस झाला की ती पायाला चिकटून बसते. म्हणून परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावाने जत्रेला खुले सामने ठेवले की पोरं आठ दिवस आधीपासून राबतात. ढेकळं फोडायची, बाहेरून आणलेली माती चाळून पसरायची, पाणी मारायचं, पायांनी तुडवून ती बसवायची आणि शेवटी फक्कीने रेषा मारायच्या. हॅलोजन लागतात, भोंग्यावर कॉमेंट्री सुरू होते, नारळ फुटतो.

जिंतूरच्या बाजूचा एखादा संघ टेम्पोत बसून मानवतपर्यंत येतो. प्रवेश फी वर्गणी काढून भरलेली असते. नंबर लागतो रात्री अकराला. समोर मुरलेला संघ येतो आणि अर्ध्यापाऊण तासात निकाल लागतो. हरलेली पोरं गुडघ्यावरची माती झटकून पुन्हा टेम्पोत चढतात. एवढ्या तयारीनंतर, एवढ्या प्रवासानंतर, एक सामना. पुढचा सामना कधी, कुठे, कुणालाच ठाऊक नसतं. या पद्धतीला आपण बाद पद्धत म्हणतो आणि आपल्याकडच्या गावोगावच्या स्पर्धा बहुतेक याच पद्धतीवर चालतात. तीन रात्रींत तीसेक संघ निकाली काढायचे तर दुसरा मार्ग नसतो, हे मान्य. तरीही मला तो टेम्पो अस्वस्थ करतो. चांगला चढाईपटू घडायला सामने लागतात, आणि हरणाऱ्यालाच सर्वांत कमी सामने मिळतात.

हंगाम ही कल्पना याच्या अगदी उलट टोकाची आहे. हंगामात हरायला परवानगी असते.

प्रो कबड्डी लीगचा दहावा हंगाम घ्या. २ डिसेंबर २०२३ ला तो अहमदाबादेत सुरू झाला आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेत संपला. संघ बारा. प्रत्येकाने उरलेल्या अकरा संघांशी दोन-दोन वेळा खेळायचं, म्हणजे प्रत्येकी बावीस सामने, आणि सगळे मिळून १३२. त्यानंतर गुणतक्त्यातले पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरीत गेले. उरलेल्या दोन जागांसाठी तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ आपसात खेळले. त्या हंगामात अव्वल राहिली ती पुणेरी पलटण, आणि शेवटी चषकही तिनेच उचलला. पुण्याच्या संघाचं हे पहिलंच विजेतेपद.

पलटणच्या खात्यात साखळीअखेर ९६ गुण होते. सतरा विजय, तीन बरोबरी, दोन पराभव. हा आकडा कसा झाला ते उलगडून पाहण्यासारखं आहे. विजयाला तेव्हा पाच गुण, म्हणजे सतरा पंचे पंच्याऐंशी. बरोबरीला तीन, म्हणजे नऊ. झाले चौऱ्याण्णव. मग वरचे दोन कुठून आले? ते दोन पराभवांतून. सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलेल्या संघालाही या लीगमध्ये तेव्हा एक गुण मिळत असे. पलटण संपूर्ण साखळीत दोनदा हरली आणि दोन्ही वेळा सातच्या आतच हरली, हे त्या ९६ मध्येच लिहिलेलं आहे. दुसऱ्या क्रमांकावरच्या जयपूर पिंक पँथर्सचे गुण ९२. सोळा विजयांचे ऐंशी, तीन बरोबरींचे नऊ, तीन पराभवांचे तीन. म्हणजे त्यांनाही बावीस सामन्यांत कुणी लोळवू शकलं नव्हतं.

हा एक गुण दिसायला किरकोळ, पण तो खेळ बदलून टाकत असे. दोन मिनिटं उरलीत आणि तुम्ही नऊ गुणांनी मागे आहात असं समजा. गावच्या सामन्यात अशा वेळी पोरं मनाने घरी गेलेली असतात. लीगमध्ये मात्र तेव्हा नऊचा फरक सातवर आणायला दोन गुण पुरत. चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकायचा. मैदानात तीनच गडी उरले असतील तर त्यांना उलट हुरूप येतो, कारण तीन किंवा त्याहून कमी जणांनी पकड केली तर ती अव्वल पकड ठरते आणि एकाऐवजी दोन गुण देते. आघाडीवरचा संघही मागे असलेल्यांना तो गुण मिळू नये म्हणून चढाईची तीस सेकंदं मध्यरेषेजवळ संपवू पाहायचा. तेही कायम जमत नसे, कारण लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'डू ऑर डाय' होते आणि गुण न मिळवता परतणारा बाद होतो. हिशोबाचा एक नियम लिहिला की खेळाडूंच्या पायांची चालच बदलते.

गुण मोजण्याच्या पद्धतीने खेळ किती वाकू शकतो याचं सर्वांत नवलाचं उदाहरण कबड्डीतलं नाही, बास्केटबॉलमधलं आहे. युरोपात क्लबांची अजिंक्यपद स्पर्धा १९५८ मध्ये सुरू झाली. तेव्हा दोन संघ एकमेकांच्या गावी जाऊन एकेक सामना खेळत आणि दोन्ही सामन्यांच्या गुणांची बेरीज करून विजेता ठरे. १८ जानेवारी १९६२ ला इटलीतल्या वारेझे गावात तिथला इग्निस संघ आणि स्पेनचा रिअल माद्रिद यांचा सामना होता. शेवटची काही सेकंदं उरली आणि गुण झाले ८०–८०. बरोबरी झाली तर जादा वेळ खेळावा लागणार होता, आणि माद्रिदचे महत्त्वाचे खेळाडू मैदानाबाहेर गेले होते. जादा वेळेत दहा-बारा गुणांनी मागे पडलो तर परतीच्या सामन्यात ते भरून काढणं कठीण, असा प्रशिक्षक पेद्रो फेरांदिस यांचा विचार. दोन गुणांनी हरलेलं परवडेल! त्यांनी लोरेन्सो आलोसेन या खेळाडूला सांगितलं आणि त्याने चेंडू चक्क स्वतःच्याच बास्केटमध्ये टाकला. माद्रिद ८२–८० असा हरला. परतीचा सामना आपल्या घरी त्यांनी ८३–६२ असा जिंकला आणि ते पुढे गेले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघाने मुद्दाम स्वतःच्या बास्केटमध्ये गुण करण्यावर बंदी घातली. त्या हंगामात माद्रिद अंतिम फेरीपर्यंत पोचला आणि तिथे तिबिलिसीच्या दिनामोकडून ९०–८३ असा हरला. आपल्याकडचे क्रिकेटवेडे निव्वळ धावगतीचा हिशोब मांडत बसतात, त्यांना फेरांदिस यांचं डोकं लगेच कळेल.

त्या स्पर्धेचा पहिला हंगामही आठवावा असा आहे. १९५८ मध्ये उपांत्य फेरीत रिगाच्या एएसके संघाची गाठ माद्रिदशी पडली होती. पण फ्रँकोच्या राजवटीतल्या स्पेनने आपल्या संघाला सोव्हिएत संघात जाऊ दिलं नाही, आणि रिगाला न खेळताच पुढची चाल मिळाली. अंतिम फेरीत बल्गेरियाच्या सोफियातल्या अकादेमिक संघाला त्यांनी दोन्ही सामन्यांत हरवलं, ८६–८१ आणि ८४–७१. रिगाचे प्रशिक्षक अलेक्सांद्र गोमेल्स्की तेव्हा अवघे तिशीचे. त्यांचा हुकमी खेळाडू यानिस क्रुमिन्श, उंची २ मीटर १८ सेंटिमीटर, विशी उलटेपर्यंत बास्केटबॉल न खेळलेला आणि जंगलात कामाला असलेला माणूस. गोमेल्स्कींनी त्याला हेरलं, शिकवलं, आणि रिगाने पहिले तीनही हंगाम जिंकले. क्रुमिन्शला उभं राहायला सामने मिळाले, वर्षामागून वर्षं मिळाली. एका रात्रीत बाद होणाऱ्या स्पर्धेत असा माणूस कुणाच्या नजरेला पडलाही नसता.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या शेजारच्या अमरावतीवरून जातं. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी तिथे स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेलं होतं. तिथे त्यांनी आपल्या देशी खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं दाखवली, त्यात कबड्डीही होती. त्याच बर्लिनमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकचा पदकाचा खेळ म्हणून खेळला गेला. तो खेळला गेला उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या मैदानांवर. अंतिम सामन्यात पाऊस कोसळला, चिखलात चेंडू उसळेना, आणि अमेरिकेने कॅनडाला अवघ्या १९–८ असं हरवलं. एका शहरात, एका उन्हाळ्यात, दोन्ही खेळ मातीतच होते. पुढे बास्केटबॉलला लाकडी फरशी, छप्पर आणि बावीस वर्षांत युरोपभर चालणारी क्लब स्पर्धा मिळाली. कबड्डीला क्लबांचा देशव्यापी हंगाम मिळायला २०१४ साल उजाडलं. मधल्या काळात कबड्डी थांबली नव्हती: १९२३ मध्ये बडोद्यात नियम छापून स्पर्धा झाली होती, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला, १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून ती दाखल झाली. पण खेळाडूच्या पोटापाण्याचं वर्ष त्या खेळाभोवती बांधलं जाणं, हे २०१४ च्या जुलैनंतरचं.

आता पलटणच्या हंगामाकडे परत येऊ. तो हंगाम खरं तर चीनमधल्या हांगझोऊ शहरात सुरू झाला असं मी म्हणेन. ७ ऑक्टोबर २०२३ ला तिथे आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. पवन सेहरावतच्या एका चढाईवरून नियमांचा असा वाद पेटला की खेळ बराच वेळ बंद राहिला. अखेर भारत ३३–२९ असा जिंकला. भारताच्या त्या संघात महाराष्ट्राचे दोघं होते, अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे, आणि दोघंही पलटणचे. समोर इराणच्या बचावात होता मोहम्मदरेझा शादलुई. दोन-तीन दिवसांतच मुंबईत लीगचा लिलाव झाला आणि पलटणने शादलुईला २ कोटी ३५ लाख रुपयांना घेतलं. परवापर्यंत ज्याचे हात चुकवायचे होते, तोच आता आपल्या कोपऱ्यात उभा.

शादलुईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि सर्वोत्तम बचावपटू ठरला. मला त्याच्या खेळात सर्वांत भावतं ते त्याचं पुढे येणं. कोपऱ्यातला गडी सहसा वाट पाहतो. चढाईपटू निदान रेषा ओलांडून आत आला, पाय लांब टाकला, की घोट्यावर झडप घालतो. शादलुई वाट पाहत नाही. तो स्वतः चालून जातो, कधी मांडीला मिठी मारतो, कधी खांद्याने ढकलत रेषेबाहेर नेतो. असं धाडस अंगाशीही येतं, फुकटचे गुण जातात. पण आजूबाजूला साखळी धरणारे गडी भक्कम असतील तर ते परवडतं, आणि पलटणमध्ये ते होते: संकेत सावंत, अबिनेश नादराजन, गौरव खत्री.

चढाईची कथा याहून शिकण्यासारखी आहे. हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण, २७६, मिळवले दबंग दिल्लीच्या आशू मलिकने. दिल्लीचा संघ प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात पाटणा पायरेट्सकडून ३५–३७ असा हरून बाहेर पडला. पलटणकडे असा एकखांबी तंबू नव्हता. अस्लम, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे असे चौघं आलटून-पालटून चढाईला जात. एकाला विश्रांती दिली, एकाचा घोटा दुखावला, तरी गाडी थांबत नसे. बावीस रात्रींच्या खेळात याचंच मोल होतं. एका रात्रीचा सामना एक असामान्य चढाईपटू जिंकून देतो; तीन महिन्यांत मात्र त्याच्या चाली साऱ्यांना पाठ होतात आणि त्याचं शरीरही थकतं. पलटणने हा धडा आधीच्या वर्षी सोसून घेतला होता. १७ डिसेंबर २०२२ ला मुंबईत नवव्या हंगामाचा अंतिम सामना जयपूरविरुद्ध झाला तेव्हा अस्लम आणि मोहित जखमी होते, आणि पलटण २९–३३ अशी हरली.

अस्लम तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. वडील लवकर गेले, घर आईच्या मजुरीवर चाललं, आणि गावोगावच्या सामन्यांतून मिळणाऱ्या बक्षिसांचाही घराला आधार होता. म्हणजे ज्या हॅलोजनच्या उजेडातल्या बाद सामन्यांबद्दल मी सुरुवातीला बोललो, त्यांतूनच तो आला. त्याचं श्रेय त्या सामन्यांना द्यायलाच हवं. दहाव्या हंगामात तो संघनायक होता आणि संपूर्ण लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू ठरला. परभणी-हिंगोलीकडच्या किती अस्लमांना पहिल्या रात्रीच तगडा संघ समोर आला असेल?

युरोपच्या बास्केटबॉल लीगमध्ये आणि आपल्या या लीगमध्ये एक मोठा फरक आहे, तो घराचा. तिथे प्रत्येक संघाचं स्वतःचं सभागृह असतं. अर्धे सामने घरी, अर्धे परक्या गावी, आणि गावकरी पिढ्यान् पिढ्या त्याच खुर्च्यांवर बसतात. आपल्याकडे सगळा तांडाच हलतो. दहाव्या हंगामात बाराही संघ मिळून अहमदाबाद, बेंगळुरू, पुणे, चेन्नई, नोएडा, मुंबई, जयपूर, हैदराबाद, पाटणा, दिल्ली, कोलकाता आणि पंचकुला असे बारा मुक्काम फिरले. दर मुक्कामाला सहा दिवस. ज्याचं गाव त्याचे सामने त्या आठवड्यात जास्त, एवढंच त्याचं घरपण. पुण्याच्या प्रेक्षकाला आपली पलटण त्या हंगामात एक आठवडा डोळ्यांसमोर दिसली, उरलेले महिने पडद्यावर. प्रक्षेपण करणाऱ्यांना आणि मॅट, दिवे, कॅमेरे वाहून नेणाऱ्यांना हे सोयीचं. पण आपल्या संघाच्या नावाने गावात वर्षभर चालणारी तालीम, लहान मुलांचा वर्ग, शनिवारचा सामना, हे त्यातून उभं राहत नाही.

मी कधीकधी कागदावर एक हिशोब मांडतो. परभणी जिल्ह्यात तालुके नऊ: परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, पूर्णा, पालम, सोनपेठ. प्रत्येक तालुक्याचा एक संघ धरला आणि प्रत्येकाने उरलेल्या आठांशी एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे खेळायचं ठरवलं तर सामने होतात ७२. दर रविवारी चार सामने, एका संघाला सुट्टी, असे अठरा रविवार. सोयाबीन निघाल्यावर सुरुवात केली तर कापसाच्या वेचण्या आणि ज्वारीचा हुरडा यांच्यामधून वाट काढत मार्चच्या सुरुवातीपर्यंत हंगाम संपतो. कुठलंही अंतर एसटीच्या किंवा टेम्पोच्या एका दिवसाबाहेरचं नाही. मॅट नसली तरी चालेल, मातीवरच खेळू. प्रत्येक पोराला सोळा सामने मिळतील, पहिले सहा हरला तरी.

दहाव्या हंगामाचा शेवट हैदराबादेत झाला याचं परभणीकराला वेगळं अप्रूप वाटतं. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत परभणी हैदराबाद राज्यातच होती. आमच्या आजोबांच्या पिढीला कोर्टकचेरीपासून खरेदीपर्यंत राजधानी म्हणजे हैदराबाद. आजही अपरात्री अजिंठा एक्सप्रेस पकडली की सकाळी काचीगुडा येतं. गच्चीबावलीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये उपांत्य फेरीत पलटणने पाटण्याला ३७–२१ असं सहज हरवलं. शादलुई आधीची दोन वर्षं त्याच पाटण्याकडून खेळला होता. दुसरीकडे हरयाणा स्टीलर्सने जयपूरला ३१–२७ असा धक्का दिला. हरयाणा पहिल्यांदाच अंतिम फेरीत आला होता.

१ मार्चचा सामना डोळे दिपवणारा नव्हता. दोन्ही संघ दबकून खेळले; चढाया रिकाम्या जात, तिसऱ्या चढाईची वाट पाहिली जात होती. मध्यंतर जवळ आल्यावर पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले आणि कोंडी फुटली. मध्यंतराला १३–१०. उत्तरार्धाच्या सुरुवातीला हरयाणावर लोण चढला, तरी ते हटले नाहीत, गुणागुणाने जवळ येत राहिले. त्यांच्या बाजूने झुंजणाऱ्या चढाईपटूंमध्ये महाराष्ट्राचाच शिवम पटारे होता. शेवटी २८–२५. पंकजचे गुण नऊ. प्रशिक्षक बी. सी. रमेश यांच्यासाठी हा तिसऱ्या संघासोबतचा विजय; याआधी बेंगळुरू आणि बंगाल त्यांच्या हाताखाली जिंकले होते.

हरयाणाचे प्रशिक्षक मनप्रीत सिंग तीन गुणांनी हरून परतले. पुढच्या लिलावात त्यांच्या संघाने शादलुईला २ कोटी ७ लाखांना घेतलं. अकराव्या हंगामात हरयाणा गुणतक्त्यात पहिला आला आणि २९ डिसेंबर २०२४ ला अंतिम सामन्यात त्याने पाटण्याला ३२–२३ असं हरवलं. सामना होता पुण्यात, बालेवाडीला, पलटणच्या घरी. त्या रात्री हरयाणाकडून सर्वाधिक गुण घेणारा होता शिवम पटारे. त्याचेही नऊच.